न आलेल्या एसटीचे जाहीर आभार

खडकमाळच्या फाट्यावर उभं राहून यशोधरानं जाहीर करून टाकलं की सुभाषअण्णांना भर सभेत एकच प्रश्न विचारायचा, आणि तो असा विचारायचा की माणसाला खुर्चीत नीट बसता येऊ नये. ऐकायला तिची मैत्रीण हिरा होती, चहाच्या टपरीचा मालक होता आणि टपरीमागं बांधलेली एक शेळी होती. तिघांपैकी मान हलवली ती फक्त शेळीनं. पण राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या माणसाचा आत्मविश्वास असा कुणाच्या मानेवर अवलंबून नसतो.

शिवाय तिचं मतदार ओळखपत्र नुकतंच घरी आलं होतं. तिच्या आजीनं, जानकाबाईनं, ते बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं होतं आणि आल्यागेल्याला ती दाखवत होती. कार्डावरचा फोटो इतका काळा आला होता की तो यशोधराचा आहे की विहिरीच्या तळाचा, हे सांगणं अवघड होतं. आजीला त्याचं काही नव्हतं. आता आमच्या पोरीला विचारल्याबिगर कुणाला निवडून येता येणार नाही, असं ती शेजारणींना सांगायची. यशोधरालाही ते अक्षरशः खरं वाटत होतं, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

प्रश्न होता संध्याकाळच्या एसटीचा. मंचरचं कॉलेज सुटलं की निरगुडसरच्या रस्त्यानं खडकमाळला येणारी आणि तिथूनच मंचरला परत फिरणारी एक गाडी होती. पावसाळ्यात रस्ता खचला म्हणून ती बंद झाली. रस्ता दुरुस्त झाला, गाडी मात्र परत आली नाही. मग यशोधरा आणि हिरा मिळेल त्या पिकअपमध्ये, टोमॅटोच्या क्रेटवर बसून फाट्यापर्यंत यायच्या आणि तिथून उसातल्या वाटेनं वस्तीवर चालत जायच्या. पोचेपर्यंत अंधार पडायचा. या भागात बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, शेजारी झालाय. सकाळी बांधावर त्याचे ठसे दिसले तर लोक फक्त विचारतात, कुणाकडं गेला होता?

हिराचे वडील म्हस्कू यांच्याकडं तो येऊन गेला होता. पिढीजात मेंढरांचं घर. आता शेती आली, मेंढरं कमी झाली, तरी म्हस्कूंनी ती कोंडायचा वाडा मोडला नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत, उन्हं असताना, बिबट्यानं एक मेंढी उचलून उसात नेली. त्या दिवसापासून त्यांनी पोरीला अट घातली. "दिवस मावळायच्या आत घरात पायजेस. दिवाळीपातूर बघीन, न्हाईतर कालेज बंद." बंद म्हणजे पुढं काय, तेही ठरलेलं होतं. जुन्नरकडचं एक स्थळ निरोपावर निरोप पाठवत होतं.

बारावीला हिराला यशोधरापेक्षा जास्त मार्क होते. हे यशोधरा कुणाला सांगत नसे, पण विसरतही नसे. हिराला बी.एस्सी. करून नर्सरीतल्या रोपांचं काही तरी करायचं होतं. ते काय, हे ती इतक्या उत्साहानं समजावून सांगायची की ऐकणारा दमून जायचा.

यशोधरा आधी डेपोत गेली होती. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि जिल्हा परिषदेतल्या लोकप्रतिनिधीचं पत्र आणायला सांगितलं. आता आली का पंचाईत. जिल्हा परिषदेची निवडणूक इतकी वर्षं लांबली होती की या गटाला लोकप्रतिनिधीच नव्हता. होते ते सगळे भावी. भावी सदस्य, भावी सभापती. त्यांतले सर्वांत मुरलेले भावी म्हणजे सुभाषअण्णा. प्रत्येक फाट्यावर त्यांचा फ्लेक्स होता, आणि पहिल्या फ्लेक्सवरचे काळेभोर केस ताज्या फ्लेक्सवर येईपर्यंत आणखी काळे झाले होते. निवडून न येता माणूस किती काम करू शकतो हे बघायचं असेल तर अण्णांकडं बघावं, असं त्यांचे कार्यकर्ते म्हणत. काय काम, हे विचारायची पद्धत नव्हती.

अण्णांच्या वाढदिवसाला खडकमाळच्या शाळेच्या पटांगणात ‘नवमतदार सत्कार सोहळा आणि जनसंवाद’ ठेवला होता. यशोधरानं तोच मुहूर्त धरला. आदल्या दिवशी म्हस्कूंच्या वाड्याजवळ रंगीत तालीम झाली. पालथ्या टोपलीवर बसून हिरा अण्णा झाली. तिनं कानाला मोबाईल लावला, एका हातानं यशोधराला थांबायची खूण केली आणि मोबाईल काही खाली घेतला नाही. तीनदा प्रयत्न करूनही यशोधराला प्रश्न विचारता आला नाही. दोघी हसून हसून बेजार झाल्या. त्या हसण्यातून काही शिकावं असं दोघींपैकी कुणाला सुचलं नाही.

सभेच्या दिवशी माईक सोमाजी गुरुजींच्या हातात होता. निवृत्त झाल्यापासून पंचक्रोशीतला एकही कार्यक्रम गुरुजींच्या सूत्रसंचालनाशिवाय झालेला नाही. त्यांचा एक नियम होता. स्टेजवर जो चढतो तो सत्कारालाच चढतो. मागं एकदा दिवा बदलायला चढलेला वायरमन हातात नारळ घेऊन खाली उतरला होता आणि दोन दिवस आपण नक्की काय केलं याचा विचार करत होता.

जनसंवाद पत्रिकेत शेवटी होता. सत्कार संपेचनात. नवमतदार झाले, त्यांचे पालक झाले, पालकांना घेऊन आलेले रिक्षावाले झाले. शेवटी अण्णा घड्याळ बघायला लागले तेव्हा यशोधरा उठली आणि थेट स्टेजवर चढली. तिनं तोंड उघडायच्या आत तिच्या खांद्यावर शाल आली, पोटाशी नारळ आला आणि एक उत्साही कार्यकर्ता मागून फेटा बांधायला लागला. मला प्रश्न विचारायचाय, असं ती म्हणत होती. गुरुजी माईकवरून सांगत होते की ही आपल्या बौद्धवस्तीतली हुशार कन्या, आणि यावरून दिसून येतं की सर्व समाज अण्णांच्या पाठीशी आहेत. यशोधराला ते झोंबलं. ती अण्णांच्या पाठीशी नव्हती, समोर उभी होती. तिनं गुरुजींच्या हातातला माईक सरळ ओढला.

"संध्याकाळची एसटी बंद हाय. पोरींची कॉलेजं बंद पडायला लागल्यात. ती कधी सुरू करताय ते आज, हितंच सांगा."

बायकांच्या घोळक्यातून जानकाबाई उभ्या राहिल्या, नात नीट दिसावी म्हणून. अण्णा मात्र मुरलेले गडी. ते उठले, यशोधराच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक आपल्याकडं घेतला.

"ताई, काम झालं म्हणून समजा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्याकडं एक रीत आहे. ज्या कामाला टाळ्या पडल्या ते काम झालं. मग ते पुन्हा करायची गरज उरत नाही. टाळ्यांच्या दणक्यात फेटा सुटून यशोधराच्या डोळ्यांवर आला, नारळ निसटायला लागला, तो तिनं दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरला आणि तोल सावरायला जराशी वाकली. नेमका त्याच क्षणी फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर नवा फ्लेक्स होता. अण्णा भलेमोठे, आणि त्यांच्यासमोर वाकून हात जोडलेली यशोधरा. नारळ कसबी माणसानं पुसून टाकला होता. खाली लिहिलं होतं: ‘अण्णांच्या अथक प्रयत्नांतून संध्याकाळची एसटी सुरू! जाहीर आभार. आभारी: कु. यशोधरा आणि समस्त नवमतदार.’

यशोधरा चिडली. पण खरं सांगायचं तर आधी ती फोटोत कशी दिसतेय ते तिनं बघितलं, आणि मग चिडली.

संध्याकाळी फाट्यावर ही गर्दी जमली. लंकाबाई माहेरी जायला पिशवी भरून आल्या होत्या. कुणी मंचरला औषधं आणायला, कुणी नुसतंच गाडीत बसून यायला. दिवस मावळला, गाडी आली नाही. फ्लेक्सवरचे अण्णा हसत होते, त्यांना कुणी काही बोललं नाही. सगळे उठले आणि यशोधराच्या दारात आले. आभार तू मानलेस, तर गाडीही तूच दाखव, असं त्यांचं म्हणणं होतं. लंकाबाईंनी तर माहेरी कळवून ठेवलं होतं, तिकडं कोंबडं कापलेलं होतं. जानकाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि नातीच्या वतीनं माफी मागितली. मतदार झाल्यापासून यशोधराच्या घरची चहापावडर दुप्पट लागायला लागली होती.

बोभाटा अण्णांपर्यंत गेला. त्यांनी रविवारी सकाळी उद्घाटनच ठेवलं. संध्याकाळच्या एसटीचं उद्घाटन सकाळी का, असं यशोधरानं विचारलं, तेव्हा कार्यकर्ते म्हणाले की संध्याकाळी फोटो नीट येत नाहीत. रविवारी फाट्यावर हलगी वाजत होती, फुलं आली होती, गाडीचा पत्ता नव्हता. अण्णा कुणाला तरी फोनवर झापत होते. तेवढ्यात शिरूरकडून एक लाल गाडी येताना दिसली आणि पोरं हार घेऊन तिच्यावर तुटून पडली.

ती भीमाशंकरला निघालेली भाविकांची गाडी होती, सहलीला भाड्यानं घेतात तसली. ड्रायव्हरला वाटलं रास्ता रोको आहे, त्यानं मुकाट्यानं इंजिन बंद केलं. गाडीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं वाटेत कुणा पुण्यवानानं भाविकांचं स्वागत ठेवलंय, ते हात जोडून खाली उतरले. गुरुजींनी त्यांचाही सत्कार केला. बोनेटवर नारळ फुटला. एका कार्यकर्त्यानं यशोधराच्या हातात हिरवा झेंडा दिला.

गाडीच्या पाटीवर भीमाशंकर लिहिलेलं तिला दिसत होतं. तिनं विचारलंही. पाटी उद्या बदलतील ताई, असं उत्तर मिळालं. इथं तिनं झेंडा खाली टाकायला हवा होता. पण समोर सगळा गाव होता, आजी पदर सावरून बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी तिच्या हाताच्या इशाऱ्याची वाट बघत होतं. उद्या पाटी बदलेल, असं तिनं स्वतःलाही सांगितलं. मग झेंडा वर केला. गाडी हारांसकट भीमाशंकरला गेली, आणि परत आली असेल तर वेगळ्या रस्त्यानं आली असेल.

समोरच्या माळावर म्हस्कू मेंढरं चारत होते. त्यांनी वरून सगळं बघितलं. हार घातलेली एसटी, हलगी, आणि झेंडा दाखवणारी यशोधरा.

सोमवारी गाडी आली नाही, मंगळवारीही नाही. यशोधरा पुन्हा डेपोत गेली. साहेब तेच, खुर्ची तीच. तिनं तावातावानं बोलायला सुरुवात केली. साहेबांनी तिला पुरतं बोलू दिलं आणि मग आपला मोबाईल तिच्यापुढं धरला. फ्लेक्स होता, झेंडा होता.

"मॅडम, तुमची गाडी तर सुरू झालीय. तुम्हीच आभार मानलेत."

तो फ्लेक्स खोटा आहे, असं ती म्हणाली. मग झेंडाही खोटा का, असं साहेबांनी विचारलं. त्यात खवचटपणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या मागणीचे जाहीर आभार मानले गेले ती मागणी वर पाठवायची कशी, हा त्यांच्यापुढचा पेच होता. त्यांनी पेच सोडवला. तिची तक्रार निकाली काढली आणि तिला चहा दिला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण त्याच आठवड्यात हिरा अंधार पडल्यावर घरी पोचली. म्हस्कू दारात बसले होते. गाडी येत नाही म्हणून उशीर झाला, असं हिरानं सांगितलं. म्हस्कू म्हणाले, गाडी तर मी डोळ्यांनी बघितली. ती एकाच दिवसापुरती होती, असं हिरानं सांगितलं. म्हस्कूंना वाचता येत नव्हतं, पण फ्लेक्सवरचा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. गाडी असून पोरगी उशिरा येते, म्हणजे ती आणखी कुठं तरी जाते, एवढा हिशेब त्यांनी केला आणि बायकोला, बानूबाईंना, जुन्नरकडं निरोप पाठवायला सांगितलं.

यशोधराला कळलं तशी ती पळत त्यांच्याकडं गेली. वाड्यात मेंढरं कोंडायची वेळ होती. हिरा आत भिंतीला टेकून बसली होती, रडून झालेलं होतं. यशोधरानं म्हस्कूंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. नारळ सांगितला, पाटी सांगितली, डेपो सांगितला. सभेत जेवढं नेमकं बोलली होती त्याहून नेमकं बोलली. म्हस्कूंनी मेंढरं आत घेतली, वाड्याच्या तोंडाला झापा लावला आणि मग तिच्याकडं वळले.

"गाडी न्हवती, तर झेंडा कशाला दावलास?"

"काका, मला वाटलं सुरू व्हईल."

"तुला वाटलं." त्यांनी झाप्याची दोरी पुन्हा आवळली. "हिरा तुझ्यावानी शिकायची म्हन्ती म्हनून मी कालेजात घातली पोर. तू खोटं बोलत नसशील म्हनून घातली. आता तू म्हन्तीस फोटू खोटा, झेंडा खोटा. मग खरं काय धरू मी?"

ते रागावले असते तर तिला भांडता आलं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिरानं आतून एवढंच सांगितलं, "जा तू आता, अंधार पडंल." त्या वाटेनं त्या दिवशी यशोधरा एकटीच घरी गेली आणि तिला बिबट्याची भीती वाटली नाही. स्वतःची इतकी लाज वाटत असली की भीतीला जागा उरत नाही.

पुढचं भराभर झालं. यशोधरानं गावाच्या ग्रुपवर लिहिलं की एसटी सुरू झालेली नाही, आपण सगळे मिळून डेपोत जाऊ. खाली अकरा जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि एकानं अण्णांचा हसरा फोटो. कार्यकर्ते घरी येऊन समजूत घालून गेले, निवडणूक लागू द्या ताई, मग बघा. जाताना तुम्हाला युवती आघाडीचं पद देतो म्हणाले. दिवाळी व्हायच्या आत हिराची सुपारी फुटली. लग्नात अण्णा आले, त्यांची वाट बघत मंगलाष्टका तासभर थांबल्या होत्या. त्यांनी वधूवरांना आशीर्वाद दिले आणि मुलींच्या शिक्षणावर चांगलं पंधरा मिनिटं बोलले. माईकवर गुरुजीच होते. यशोधरा मांडवाच्या अगदी शेवटच्या रांगेत, खांबाआड बसून राहिली. स्टेजजवळून जायची तिची हिंमत नव्हती.

आणि मग इतकी वर्षं रखडलेली निवडणूक एकदाची लागली.

मतदानाच्या दिवशी यशोधरा जानकाबाईंना घेऊन शाळेत गेली. आजीनं नवं लुगडं नेसलं होतं आणि ओळखपत्र ब्लाऊजमध्ये नीट घडी करून ठेवता येत नाही म्हणून ती कुरकुरत होती. रांगेत उभी असताना शाळेच्या कोपऱ्यावर अण्णांच्या कार्यकर्त्यांची एक पांढरी जीप येऊन थांबली. तिच्यातून चार-पाच सासुरवाशिणी उतरल्या, ज्यांची नावं अजून माहेरच्याच यादीत होती. शेवटी हिरा उतरली. अंगावर भरजरी साडी, हातात हिरवा चुडा. ती जाड झाली होती की बारीक, यशोधराला ठरवता येईना. फक्त ती भराभर बोलत नव्हती, हे लगेच कळलं.

दोघींनी मत दिलं. बाहेर आल्यावर यशोधरानं तिचा हात धरला, चल, घरी चल, आजी भाकरी टाकेल, रात्री राहा. बोलायचं खूप होतं. माफी मागायची होती, ती तिनं घोकून ठेवली होती.

"न्हाई गं, ऱ्हाता नाय येणार." हिरानं जीपकडं बघितलं. "दारातनं आनली, दारात सोडनार म्हनाल्यात. दिवस मावळायच्या आत घरात पोचवतो म्हनून सासऱ्यांना शबूद दिलाय त्यांनी."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, हिरा साडी आवरत चढली आणि जीप गेली. दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन होतं.

यशोधराशेजारी म्हस्कू उभे होते. धूळ खाली बसेपर्यंत ते जीपकडं बघत राहिले. पोर अंधाराआधी घरी पोचणार याचं समाधान त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

"बघ, मानसानं मनावर घेतलं तर गाडी येती का न्हाई येळंवर? तू उगं नावं ठेवीत व्हतीस त्यांना." त्यांनी शाई लागलेलं बोट धोतराला पुसून बघितलं. "आमी घरच्या समद्यांनी अण्णालाच दिलं. हिरानं बी. तू कुणाला दिलंस?"

यशोधरानं आपलं बोट ओढणीत घेतलं.

"मत गुप्त असतंय, काका," ती म्हणाली. राज्यशास्त्रातलं तेवढंच त्या दिवशी तिच्या कामाला आलं.